काळा पडदा आणि संकटकाळची पेनड्राइव्ह

(संगणक-अभ्यास : इयत्ता आठवी ते दहावी. लेखाचा शेवटचा भाग पालकांनी व व्यवस्थापन मंडळाच्या सदस्यांनीही अवश्य वाचावा.)



गेल्या जून महिन्यातील गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि वीज चार-पाच वेळा जाऊन आली होती. सकाळी संगणक कक्षातील मुख्य संगणक सुरू केला, तर पडद्यावर कंपनीचे चिन्ह दिसले आणि त्यानंतर हार्ड डिस्क वाचता येत नसल्याचा संदेश आला. दोनदा, तीनदा करून पाहिले. संदेश तोच.

त्या हार्ड डिस्कवर काय होते, ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मागील तीन वर्षांत आपल्या मुलांनी घरोघरी जाऊन आज्यांकडून धालोची गाणी, फुगड्या आणि जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. गायलेल्यांपैकी दोन आज्या आज हयात नाहीत. त्या ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. ही चूक माझी होती आणि ती मी आधीच कबूल करतो.

अशा वेळेसाठी कपाटात एक पेनड्राइव्ह ठेवलेली असते. २०१९ मध्ये तयार केलेल्या त्या पेनड्राइव्हने पूर्वी दोनदा आपली अडचण दूर केली होती. ती जोडली. तिची यादी पडद्यावर आली. पहिली ओळ निवडून एंटर दाबले आणि पडदा काळाकुट्ट झाला. पाच मिनिटे थांबलो, तरी काळाच.

मधल्या काळात एकच बदल झाला होता. एका माजी विद्यार्थ्याने आपले वापरलेले ग्राफिक्स कार्ड शाळेला भेट दिले होते आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ते बसविले होते. त्यानंतर त्या पेनड्राइव्हला कोणी हात लावला नव्हता. हा काळा पडदा का आला आणि असे झाल्यास काय करावे, हा आजचा आपला पाठ.

पेनड्राइव्हवरचा पाहुणा

संगणकातील मुख्य प्रणाली हार्ड डिस्कवर असते. ती बिघडली की संगणक सुरू होत नाही, पण याचा अर्थ आतील फाइली नष्ट झाल्या असा होत नाही. घराच्या दाराचे कुलूप अडकले म्हणून घरातले सामान जळत नाही. अशा वेळी पेनड्राइव्हवरची दुसरी प्रणाली सुरू करायची आणि तिच्या मदतीने हार्ड डिस्कवरील फाइली बाहेर काढायच्या. ही प्रणाली पाहुण्यासारखी येते, काम करते आणि हार्ड डिस्कवर स्वतःचे काही न ठेवता निघून जाते.

या कामासाठी बहुधा लिनक्स वापरतात, कारण ते मोफत आहे, त्याच्या प्रती कोणीही वाटू शकतो आणि ते हार्ड डिस्कवर न बसविताही चालते. हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रथम प्रसिद्ध केला. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली सीडीवरून थेट चालणारे 'क्नॉपिक्स' तयार केले आणि बिघडलेले संगणक वाचविण्यासाठी ते जगभर वापरले गेले. २००३ मध्ये खास याच कामासाठी 'सिस्टिमरेस्क्यूसीडी' आली. आज तिचे नाव 'सिस्टिमरेस्क्यू' असे आहे आणि ती पेनड्राइव्हवरून चालते.

गोव्यातील शाळांनाही लिनक्स नवे नाही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून परदेशांत वापरून झालेले संगणक गोव्यातील शाळांपर्यंत आले आणि त्यांवर लिनक्स चालविले गेले.

उजेड कुठे गेला?

पडदा काळा झाला की माणूस घाबरतो आणि एकाच वेळी दहा गोष्टी करून पाहतो. मीही सुरुवातीला तेच केले. त्यात पाऊण तास गेला आणि काहीच कळले नाही. खरे तर विचारायचा प्रश्न एकच असतो: उजेड कुठपर्यंत होता आणि कोणत्या टप्प्यावर गेला? पेनड्राइव्हवरून संगणक सुरू होताना चार टप्पे येतात. ते वहीत लिहून घ्या.

पहिला टप्पा : संगणक स्वतः जागा होतो. मदरबोर्डवरील छोटी प्रणाली प्रथम चालते. जुन्या संगणकांत तिला बायोस म्हणत, नव्यांत यूईएफआय म्हणतात. कंपनीचे चिन्ह तिच्यामुळे दिसते. हे चिन्हच दिसत नसेल, तर पेनड्राइव्हचा काही दोष नाही, कारण तिची पाळी अजून आलेलीच नाही. अशा वेळी पुढील गोष्टी पाहा:

१. मॉनिटरची केबल कार्डाच्या खाचेत आहे की जुन्या सवयीने मदरबोर्डच्याच खाचेत राहिली आहे? ही चूक फार वेळा होते.
२. कार्डाला वेगळी वीजजोडणी लागत असेल, तर ती केली आहे का?
३. कार्ड खाचेत पूर्ण बसले आहे का?
४. कार्ड फार जुने आणि मदरबोर्ड नवा, अशी जोडी तर नाही ना? साधारण २०१२ पूर्वीच्या बऱ्याच कार्डांत यूईएफआय पद्धतीने चित्र दाखविण्याची सोय नाही.

दुसरा टप्पा : पेनड्राइव्हची निवड. संगणक सुरू होताना एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ दाबली की कोणत्या साधनावरून सुरू व्हायचे त्याची यादी येते. कोणती कळ, हे मदरबोर्डवर अवलंबून असते. या यादीत पेनड्राइव्हचे नावच नसेल, तर आधी ती दुसऱ्या खाचेत घालून पाहा. तरीही नसेल, तर सुरू होण्याच्या पद्धतीत फरक पडलेला असू शकतो. जुनी बायोस पद्धत आणि नवी यूईएफआय पद्धत अशा दोन पद्धती आहेत. यूईएफआय संगणकाला जुनी पद्धतही चालविता यावी म्हणून 'सीएसएम' नावाची सोय असते. नव्या कार्डाच्या 'रिसायझेबल बार' या सोयीसाठी सीएसएम बंद करावे लागते. ते बंद झाले की केवळ जुन्या पद्धतीसाठी बनविलेली पेनड्राइव्ह सुरू होत नाही. अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर तर जुनी पद्धत ठेवलेलीच नाही. उपाय एकच: दोन्ही पद्धतींनी सुरू होणारी पेनड्राइव्ह नव्याने बनवावी.

याच टप्प्यावर 'सिक्युअर बूट' हा पहारेकरीही भेटतो. पेनड्राइव्हवरील प्रणालीवर त्याला मान्य असलेली सही नसेल, तर तो नकाराचा संदेश देतो. त्याला तात्पुरते बंद करता येते. पण सावधान! विंडोजची हार्ड डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल, तर असा बदल केल्यावर विंडोज ४८ अंकी चावी मागू शकते. ती चावी आधी हाताशी ठेवा, मगच बदल करा.

तिसरा टप्पा : यादी ते गाभा. पेनड्राइव्हची स्वतःची यादी दिसली, म्हणजे कार्ड, केबल आणि मॉनिटर ठीक आहेत. एंटर दाबल्यावर लिनक्सचा गाभा मेमरीत येतो आणि पडद्याचा ताबा घेतो. आमचा उजेड इथे गेला.

चौथा टप्पा : चित्रमय मांडणी. अक्षरे धावताना दिसली, पण खिडक्या आणि चित्रे आली नाहीत, तर बिघाड चौथ्या टप्प्यावर आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ२ या कळा एकत्र दाबल्या, तर अक्षरांचा साधा पडदा मिळू शकतो. फाइली वाचवायला तो पुरेसा असतो.

पखवाजाचे उदाहरण

तिसऱ्या टप्प्यावर नेमके काय झाले, ते समजण्यासाठी आपल्या गावातील भजन डोळ्यांसमोर आणा. सुरुवातीला एक साधा वादक पखवाज घेऊन बसला आहे. त्याला फक्त साधा ठेका येतो, पण भजन चालले आहे. एवढ्यात मोठा वादक येतो. त्याला जागा द्यायला साधा वादक आपला पखवाज घेऊन उठून जातो. मोठा वादक बसतो आणि मग त्याच्या लक्षात येते, की आपला पखवाज घरीच राहिला! आता साधा ठेकाही नाही आणि मोठ्याचे वादनही नाही. भजन बंद.

साधा वादक म्हणजे यूईएफआयने लावून दिलेले साधे चित्र. कोणत्याही कार्डावर ते कसेबसे दिसते. मोठा वादक म्हणजे त्या कार्डासाठी लिनक्समध्ये असलेला खास ड्रायव्हर. आणि घरी राहिलेला पखवाज म्हणजे 'फर्मवेअर'. कार्डाच्या आतील भागांना चालविणाऱ्या या छोट्या फाइली कार्ड बनविणारी कंपनी देते. कार्ड जागे करताना ड्रायव्हर त्या कार्डाला पुरवतो. एएमडीच्या आजच्या कार्डांना त्या लागतात. एनव्हिडियाच्या २०१४ मध्ये आलेल्या ९०० मालिकेपासून पुढच्या कार्डांना तर कंपनीची सही असलेल्या फाइलीच लागतात.

या फाइलींचा स्रोत खुला नसतो. म्हणून पूर्णपणे मुक्त राहू इच्छिणाऱ्या काही लिनक्स प्रणाली त्या सोबत देत नसत. डेबियन ही त्यांतील एक प्रमुख प्रणाली. तिच्या कार्यकर्त्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन हा नियम बदलला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत प्रतीत येऊ लागले. आमची पेनड्राइव्ह २०१९ ची आणि नेमकी फर्मवेअरविना बनविलेली होती.

इथे एक गंमत पाहा. भेट मिळालेले कार्ड पेनड्राइव्हपेक्षा जुने होते! म्हणून 'पेनड्राइव्ह जुनी, कार्ड नवे' हे माझे पहिले अनुमान चुकले. त्या कार्डाचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर होता, म्हणून तर त्याने साध्या चित्राला उठविले. ड्रायव्हरच नसता, तर साधे चित्र बहुधा तसेच राहिले असते आणि आमचे काम झाले असते. अर्धवट तयारी कधी कधी तयारी नसण्यापेक्षा जास्त घात करते.

मग आम्ही काय केले?

पाऊण तास गेल्यावर दहावीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, नवं कार्ड काढूनच बघूया का?" इतका साधा प्रश्न मला सुचला नव्हता. आपल्या संगणकाच्या प्रोसेसरमध्ये स्वतःची साधी ग्राफिक्सची सोय आहे. दिवाळीपूर्वी आपण तीच वापरत होतो आणि पेनड्राइव्ह तिच्यावर चालल्याचे माहीत होते. संगणक बंद केला, विजेची केबल भिंतीतून काढली, थोडे थांबून कार्ड काढले आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली. पेनड्राइव्ह पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली.

आता हार्ड डिस्क. आजारी हार्ड डिस्कवर काहीही लिहायचे नाही आणि तिला दुरुस्त करायलाही लगेच जायचे नाही, हा पहिला नियम. प्रथम तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या मोठ्या हार्ड डिस्कवर घ्यायची. त्यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाची आज्ञावली आहे. ती आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि खराब भागाकडे शेवटी वळते. कुठवर काम झाले, त्याची नोंदही एका फाइलीत ठेवते. त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आमची वीज दोनदा गेली, तेव्हा या नोंदीचे मोल कळले. या आज्ञावलीत 'कुठून' आधी आणि 'कुठे' नंतर लिहायचे असते. हा क्रम उलटला, तर रिकामी हार्ड डिस्क भरलेल्या हार्ड डिस्कवर उतरेल आणि सगळे पुसले जाईल. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दोघांनी मोठ्याने वाचून खात्री करावी. विद्यार्थ्यांनी हे काम एकट्याने कधीही करू नये.

प्रत पूर्ण व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. दोन ध्वनिमुद्रणे अर्ध्यावर तुटली आहेत, बाकीची सर्व मिळाली. हयात नसलेल्या दोन्ही आज्यांचे आवाज शाबूत आहेत.

कार्ड काढता येत नसेल तर?

सगळ्याच संगणकांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय नसते. तिथे कार्ड काढले, तर चित्रच येणार नाही. म्हणून फाइली सुरक्षित झाल्यावर आम्ही कार्ड पुन्हा बसविले आणि दुसरा मार्ग करून पाहिला. तो असा:

१. पडदा काळा झाला, तरी संगणक जिवंत आहे का ते पाहा. कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर कळफलकावरचा दिवा लागतो-विझतो का? तसे असेल, तर गाभा चालू आहे, फक्त चित्र नाही.
२. संगणक पुन्हा सुरू करा. पेनड्राइव्हच्या यादीत 'सेफ ग्राफिक्स' किंवा 'कॉम्पॅटिबिलिटी मोड' अशा नावाची ओळ असल्यास ती निवडा.
३. तशी ओळ नसेल, तर पहिल्या ओळीवर जाऊन इंग्रजी 'ई' अक्षराची कळ दाबा. त्या ओळीमागचा मजकूर उघडेल. (जुन्या पद्धतीच्या काही याद्यांत त्यासाठी टॅब कळ असते.)
४. 'लिनक्स' या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा आणि तिच्या शेवटी जा. एक जागा सोडून इंग्रजीत 'नोमोडसेट' हा शब्द टंकित करा. त्याची अक्षरे अशी : एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. सर्व लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता.
५. कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१० दाबा. (टॅबने उघडलेल्या यादीत नुसते एंटर.)

या शब्दाचा अर्थ मोठ्या वादकाला सांगणे, की बाबा, आज तू बसू नकोस, साध्यालाच वाजवू दे. पडदा दिसला, पण चित्र जरा ढोबळ आणि संथ होते. फाइली वाचविण्यासाठी तेवढे पुरे. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो आणि संगणक बंद केल्यावर निघून जातो, म्हणून तो करून पाहायला भिण्याचे कारण नाही.

काही पेनड्राइव्ह मागील सेटिंग स्वतःवर जपून ठेवतात. अशा पेनड्राइव्हवर जुन्या कार्डाचा ड्रायव्हर किंवा मांडणी जपलेली असेल, तर नव्या कार्डावर ती अडखळते. तेव्हा 'जपलेले न वापरता' सुरू करून पाहावे.

आम्ही आता नवी पेनड्राइव्ह बनविली आहे. तिच्यावर फर्मवेअर आहे, ती दोन्ही पद्धतींनी सुरू होते आणि तिच्यावर बनविल्याची तारीख चिकटविली आहे. जुनीही टाकली नाही. दोन्ही कक्षातील प्रत्येक संगणकावर चालवून पाहिल्या आणि निकाल वहीत लिहिला.

पालक आणि व्यवस्थापन मंडळास

विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे घरोघरी आणि शाळेत जुने संगणक बदलण्याचे, त्यांत नवे भाग घालण्याचे काम वाढले आहे. भाग बदलून देणारा माणूस संगणक सुरू झाल्याचे दाखवून निघून जातो. संकटकाळची पेनड्राइव्ह चालते का, हे कोणी पाहत नाही. ते आपण पाहायचे. कार्ड, मेमरी, हार्ड डिस्क यांपैकी काहीही बदलले, की त्याच दिवशी ती पेनड्राइव्ह एकदा जोडून फक्त पडदा येईपर्यंत सुरू करावी. दहा मिनिटांचे काम आहे.

मंडळास दोन विनंत्या आहेत. पहिली, शाळेच्या ध्वनिमुद्रणांची व नोंदींची दुसरी प्रत ठेवण्यासाठी एक स्वतंत्र हार्ड डिस्क मिळावी आणि ती शाळेच्या इमारतीबाहेर ठेवली जावी. दुसरी, मुख्य संगणकाला यूपीएस मिळावा. पेनड्राइव्ह हा शेवटचा उपाय आहे. दुसरी प्रत हा पहिला.

आपल्याकडे मिरगाच्या आधी घर शाकारतात. गेल्या वर्षी गळले नाही म्हणून कौलांकडे कोणी दुर्लक्ष करीत नाही, कारण वर्षभरात माकडे त्यांवर उड्या मारून गेलेली असतात. पेनड्राइव्हचेही तसेच आहे. ती कपाटात जशीच्या तशी होती, बदलला तो संगणक. यापुढे दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपण ती तपासू.

स्वाध्याय

१. कंपनीचे चिन्ह दिसते, पण निवडीच्या यादीत पेनड्राइव्हचे नाव नाही. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे? प्रथम काय कराल?
२. आमचे कार्ड पेनड्राइव्हपेक्षा जुने असूनही पडदा काळा का झाला? पखवाजाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. आजारी हार्ड डिस्क आधी दुरुस्त का करू नये? कारण लिहा.
४. कार्ड काढून पाहिल्याने आम्हाला दोन गोष्टी मिळाल्या : फाइली आणि एक माहिती. ती माहिती कोणती?
५. घरच्या संगणकावरील अशी एक फाइल शोधा, जिची दुसरी प्रत कुठेच नाही. मोठ्यांच्या मदतीने आजच तिची प्रत करा आणि तारीख वहीत लिहा.